मदत हवी आहे: महिना भरायच्या आत मजूर सोडून जातात, कमावलेली मजुरी आधी द्यायची पद्धत कशी बसवावी?

रुई_सरकी

राळेगाव तालुक्यातल्या एका जिनिंग-प्रेसिंगचं (कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधणारा कारखाना) हजेरी-पगाराचं काम माझ्याकडं आहे. हंगामात साठेक माणसं असतात. रेच्यावर (सरकी वेगळी करणारं यंत्र) कापूस लावणारे, सरकी ओढणारे, प्रेसवर गाठी बांधणारे आणि हमाल. रोज ५००, पगार महिन्यानं, ७ तारखेच्या आत बँकेत. पगार थकत नाही.

तरी दिवाळीनंतर मशीन सुरू झाली की डिसेंबर संपेपर्यंत निम्मी माणसं बदललेली असतात. बहुतेक जण १५ ते २५ तारखेच्या दरम्यान जातात. आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी जो खाडा पडतो, तो माणूस पुन्हा येतच नाही. नवा माणूस हाताशी येईपर्यंत रेच्यावर कापूस कमी पडतो आणि प्रेस थांबून राहते. मागच्या हंगामात रोजी ४० रुपयांनी वाढवून पाहिली, फरक पडला नाही.

मालकांचं म्हणणं, उचल देऊ, म्हणजे काम व्हायच्या आधीच आगाऊ पैसे. पण उचल घेऊन माणूस गेला की वसुली कुठून करायची? त्यापेक्षा जेवढे दिवस काम झालं तेवढ्याच मजुरीतून महिन्यामध्येच काही रक्कम द्यावी असं वाटतं. हे कायद्यात बसतं का? किती टक्के द्यावी? यासाठी अ‍ॅपवाल्या कंपन्या आहेत, त्या बऱ्या की आपणच करावं? आणि मुकादमाच्या टोळीतल्या माणसांचं काय?

वेचणीचा_भाव

भाऊ, तुमचा मजूर दुसऱ्या जिनमधी जात नाही, वेचणीवर जाते. तिथं किलोच्या भावानं मोजून बाजाराच्या आधी हातात पैसा मिळते. तुमच्याकडं ३ नोव्हेंबरले लागलेल्या माणसाले पहिला पैसा ७ डिसेंबरले दिसते. ३४ दिवस त्यानं किराणा कशावर भरायचा? दुकानदार दोन आठवड्यांच्या वर उधार ठेवत नाही. बायकोच्या समूहाच्या कर्जाचा हप्ता पंधरवड्याले येते, त्याले थांबा म्हणता येत नाही. म्हणून रोजी वाढवून काही झालं नाही, वाढलेले ४० रुपयेबी ७ तारखेलेच दिसणार होते.

एक गोष्ट नक्की करा. नवीन माणसाले पहिल्या आठवड्यापासूनच द्या. काही ठिकाणी 'एक महिना झाल्यावर' अशी अट टाकतात. सोडून जाणारे सगळे त्या पहिल्या महिन्यातच जातात, मंग ती सोय कोणाच्या कामाची?

पगारपत्रक

कायद्याचं आधी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता, २०१९ लागू आहे. तिच्यात वेतनाचा काळ रोजचा, आठवड्याचा, पंधरवड्याचा किंवा महिन्याचा ठरवता येतो, महिन्यापेक्षा मोठा नाही. आठवड्याचा ठरवला तर साप्ताहिक सुट्टीच्या आधीच्या शेवटच्या कामाच्या दिवशी पैसे द्यायचे. पंधरवड्याचा असेल तर पंधरवडा संपल्यावर दोन दिवसांत, महिन्याचा असेल तर पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत. ही शेवटची मुदत आहे, त्याआधी द्यायला कुठंही मनाई नाही.

तुम्ही उचल टाळताय ते बरोबर आहे. न केलेल्या कामापोटी पैसे देऊन 'फिटेपर्यंत जायचं नाही' म्हणणं हा १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याखाली थेट गुन्हा ठरू शकतो. झालेल्या कामाची मजुरी आधी दिली तर माणूस कोणाचं देणं लागत नाही, दुसऱ्या दिवशी गेला तरी तुमचा रुपया बुडत नाही. कागदावरही 'उचल' लिहू नका, 'अंशतः वेतन अदा' लिहा. हमी म्हणून आधार कार्ड किंवा एटीएम कार्ड कार्यालयात ठेवून घेऊ नका.

आता टक्का. बरेच जण सरळ ५० टक्के ठेवतात आणि तिथंच अडकतात, कारण संहितेनुसार एका वेतनकाळातली एकूण कपात वेतनाच्या ५० टक्क्यांच्या वर जाता कामा नये. तुमच्याच आकड्यांवर पाहू. २६ दिवसांचे १३,०००. सगळी मजुरी मूळ वेतन धरली तर पीएफ १२ टक्क्यांनी १,५६०. व्यवसाय कर पुरुषांना २०० (फेब्रुवारीत ३००), महिलांना या पगारावर नाही. ईएसआय (कामगार राज्य विमा) तुम्हाला लागत नाही, कारण फक्त जिनिंग-प्रेसिंग करणारा कारखाना त्या कायद्यात हंगामी धरला जातो. त्याच आवारात सरकीचं तेल काढत असाल तर मात्र सल्लागाराला विचारा. तर कपात झाली १,७६०. मर्यादा ६,५००. उरले ४,७४०. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यानं आधी दिलेली रक्कम कपात म्हणून मोजली, तरी ३५ टक्के, म्हणजे ४,५५०, त्या आत बसतात. ७ तारखेला त्याच्या खात्यात ६,६९० पडतात.

५० टक्के न ठेवण्याचं दुसरं कारण मला कायद्याइतकंच मोठं वाटतं. ५० टक्के दिले आणि वरून पीएफ, कर गेला की ७ तारखेला ४,७४० येतात. घरभाडं, मोठी उधारी, शाळेची फी या सगळ्याला पुरत नाही, आणि माणूस पगाराच्या दिवशीच नाराज होऊन जातो. आधी तो २० तारखेला जात होता, आता ८ ला जाईल.

रक्कम दर आठवड्याला हजेरीवरून काढा. चिठ्ठी एवढीच असू द्या:

कार्ड क्र. २७ / हजेरी १० / कमावले ५,००० / त्याचे ३५ टक्के १,७५० / आधी घेतले १,००० / आज मिळू शकतात ७५०

मराठीत, मोठ्या अक्षरात. खाली सही किंवा अंगठा. घ्यायलाच हवेत असं नाही, ज्याला नको त्यानं सोडून द्यावं. किमान ३०० ठेवा, ५० च्या पटीत. ५००-५०० च्या नोटांवरच अडून बसू नका, बाजारात सुटे लागतात.

यातली खरी अडचण हजेरी आहे. पंचिंग मशीन असो की वही, त्या दिवशीची हजेरी त्याच रात्री बंद झाली पाहिजे. अर्धा दिवस, जादा तास, खाडा सगळं. महिनाअखेर हजेरी जुळवायची सवय असेल तर ही पद्धत दुसऱ्याच आठवड्यात कोलमडते, कारण दिलेली रक्कम आणि खरी कमाई यांचा मेळ लागत नाही. जादा तासांचे पैसे या ३५ टक्क्यांत धरू नका, ते महिनाअखेरच द्या. वाद कमी होतात.

शाखेतला_माणूस

अ‍ॅपबद्दल. अशा कंपन्या दर व्यवहाराला शुल्क घेतात, ते कोण भरतो हे करारात पाहा. समजा ५०० रुपयांवर २० रुपये शुल्क मजुराकडून गेलं आणि पगार १० दिवसांवर आहे, तर १० दिवसांना ४ टक्के झाले, महिन्याला १२. गावातला सावकार यापेक्षा स्वस्त पडेल. अमेरिकेत डेलीपेसारख्या कंपन्या लगेच पैसे हवे असतील तर शुल्क घेतात आणि दुसऱ्या दिवशी चालत असतील तर फुकट देतात. इथं करार करायचाच तर सगळं शुल्क मालकानं भरायचं, असंच लिहून घ्या.

दुसरं, काही अ‍ॅप मजुराच्या नावावर वित्तसंस्थेचं कर्ज काढून तेच 'पगार आधी' म्हणून देतात. कर्ज असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे की फॅक्ट स्टेटमेंट (कर्जाचा दर, शुल्क, अटी एका ठिकाणी सांगणारा कागद) द्यावंच लागतं. ते दाखवा म्हणा. दाखवलं तर समजा की मजुराच्या सिबिलवर नोंद जाणार. साठ माणसांसाठी अ‍ॅपची गरज नाही, बँकेची बल्क अपलोड फाइल (एकाच यादीतून सगळ्यांच्या खात्यात पैसे टाकायची सोय) पुरते. आयएमपीएस रविवारीही चालतं.

खात्यांची खोड मात्र आधीच काढून ठेवा. बऱ्याच मजुरांचं जनधन खातं असतं, त्यात महिन्याला ४ वेळा पैसे काढणं फुकट आहे, पुढं शाखेच्या नियमावर. आठवड्याला एकदा दिलं तर चार वेळा यातच जातात आणि पगाराची पाचवी वेळ येते. म्हणून महिन्यातून तीनदाच द्या, चौथी वेळ पगाराची. काही खाती पूर्ण केवायसी नसलेली 'छोटी खाती' असतात: वर्षाला १ लाखापर्यंतच जमा, महिन्याला १०,००० पर्यंतच काढणं. त्यात पैसे अडकले की मजूर म्हणतो, मालकानं दिलेच नाहीत. हंगाम सुरू व्हायच्या आधी अशांची केवायसी करून घ्या. आधार क्रमांकावर पैसे टाकू नका. आधार कोणत्या बँकेला जोडलंय हे माणसालाच माहीत नसतं आणि रक्कम विसरलेल्या खात्यात जाते. खाते क्रमांक आणि आयएफएससी घ्या, पहिल्यांदा १ रुपया पाठवून नाव जुळतंय का पाहा.

रुई_सरकी

फार उपयोगी. दोन गोष्टी राहिल्या. मालक विचारतात, कापसाच्या चुकाऱ्यालाच (शेतकऱ्यांना द्यायच्या पैशांनाच) पैसा पुरत नाही, हा कुठून आणायचा? आणि मुकादम म्हणतो, माझ्या माणसांचे पैसे माझ्या हातात द्या.

पगारपत्रक

मालकांना हा हिशोब दाखवा. साठ जणांनी सरासरी ३,००० घेतले तर १,८०,००० झाले. हा जादा खर्च नाही, तेच पैसे साधारण १५ दिवस आधी जातात. कॅश क्रेडिटचा (बँकेनं धंद्याला दिलेली, लागेल तशी काढायची कर्जमर्यादा) दर वर्षाला १२ टक्के धरला तर १५ दिवसांचं व्याज ८९० च्या आसपास. प्रेस एक पाळी बंद राहिली तर काय जातं, ते मालकांना तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. फक्त तारखा आधी ठरवून कॅश क्रेडिटमध्ये तेवढी जागा राखून ठेवा. एकदा 'पुढच्या बाजाराला देतो' म्हटलं की विश्वास गेला, आणि माणसंही.

मुकादमाच्या हातात अजिबात देऊ नका. त्याचं कमिशन वेगळ्या बिलानं द्या, मजुरी सरळ मजुराच्या खात्यात. ठेकेदारानं मजुरी दिली नाही तर जबाबदारी शेवटी कारखान्यावरच येते. मुकादमानं आधीच घरून उचल देऊन माणसं आणली असतील तर तो या रकमेवर डोळा ठेवणार. म्हणून चिठ्ठी मजुराच्याच हातात द्या, यादी मुकादमाला दाखवू नका.

वेचणीचा_भाव

साप्ताहिक सुट्टी बाजाराच्या दिवशीच ठेवा. बाजार सोमवारी असन तर रविवारी दुपारी ४ च्या आत पैसे खात्यात, म्हणजे पाळी सुटल्यावर ग्राहक सेवा केंद्रावर जाता येते. तिथला माणूस पैसे काढून द्यायचे वेगळे घेत असन तर कारखान्याच्या गेटवरच त्याले मशीन घेऊन बोलवा, समोरासमोर.

फरक पडला का ते पाहाले डिसेंबरची मार्चशी तुलना करू नका. मार्चमधी वेचणी संपलेली असते, तवा माणूस तसाही टिकते. मागच्या वर्षीचा नोव्हेंबर-डिसेंबर काढा आणि बाजाराच्या दुसऱ्या दिवशीची गैरहजेरी मोजा, तीच आधी कमी होते. बाहेरगावच्या टोळीचा फरक कमी दिसन. त्यायले घरी पैसे पाठवायचे असतात, ते महिन्याच्याच पगारावर चालतात. अन् हमालायले रोजीऐवजी पोत्यामागं मिळत असन, तर त्यायले ही पद्धत लावू नका, त्यायचा हिशोब आठवड्यालेच मिटवा.