मदत हवी आहे: मॉरिस मायनरचा हीटर काढायचाय

नमस्कार मंडळी. वडिलांची १९६४ची मॉरिस मायनर गाडी, १०९८ सीसी, परभणीत आमच्याकडे आहे. इथे मे महिन्यात पारा ४२च्या वर जातो, हीटर हवाय कुणाला? त्यात तो गळायला लागलाय. परवा आई पुढे बसली होती, तिच्या पायावर कढत पाणी टपकलं. तेव्हाच ठरवलं, काढायचाच.

हीटर इंजिनाच्या गरम पाण्यावर चालतो; त्याचा नळ इंजिनाच्या हेडवर (वरच्या झाकणावर), मागच्या बाजूला, दोन स्टडवर (आट्यांच्या खुंट्यांवर) बसवलेला आहे. परतीचं पाणी रेडिएटरच्या खालच्या होजला (रबरी नळीला) मिळतं. गॅरेजवाले म्हणतात, दोन्ही टोकं एका पाइपने जोडून टाका. मला ते पटत नाही. तसं केलं तर थोडं गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनातच जाणार, आणि आपल्या उन्हात तेच नको. नळ काढून तिथे भोक बंद करायला धातूची पट्टी आणि पॅकिंग लावावं, खालच्या होजचा फाटा बंद करावा, असं माझं मत.

पण एका स्टडचा नट गंजून पार चिकटलाय. तीन दिवस डिझेल सोडतोय, तसूभर हलत नाही. जोर लावला आणि स्टड हेडमध्येच तुटला तर? कुणी असा नट गरम करून सोडवलाय का? पट्टी किती जाड घ्यावी? नांदेड-लातूरकडे या कामातला जाणता लेथवाला असेल तर जरूर सांगा.

हीटर भंगारात देणार नाही, वडिलांची गाडी आहे. पुसून, कापडात गुंडाळून जपून ठेवणार.