द्राक्षमळ्यांच्या टेकड्या अधिक समुद्रकिनारा: पुढे एक चेनरिंग पुरे, दुसरं कशाला?

खडीफोड

सकाळी मळ्यांतल्या टेकड्या, मग किनाऱ्याची सपाट वाट, अशा मिश्र मार्गासाठी ग्रॅव्हल (खडीच्या वाटेची) सायकल घेणाऱ्याला "पुढे दोन चेनरिंग (पॅडलजवळची दातेरी चक्रं) हवेतच" हा सल्ला अजून सर्रास मिळतो. मला तो पटत नाही. पुढे ४० दात्यांचं एक चेनरिंग, मागे १०-४४ कॅसेट (१० ते ४४ दात्यांच्या चक्रांचा संच) आणि ४५ मिमीचे ट्यूबलेस टायर, एवढ्यावर भागतं.

सगळ्यात हलका गिअर बघा. ४०/४४ म्हणजे ०.९१, पॅडलच्या एका फेरीत मागच्या चाकाची तेवढी फेरी. शिमानो कंपनीच्या जीआरएक्सचा टू-बाय (पुढे दोन चेनरिंगचा) संच ४८/३१ आणि मागे ११-३४ असा घेतला तर ३१/३४, तेही ०.९१च. म्हणजे चढासाठी दुसरं चेनरिंग हा युक्तिवाद इथेच निकालात निघतो.

दुसरं म्हणजे मळ्यांतला भूभाग. चढ लांब नसतात, बरेचदा दोन-चारशे मीटरचेच, पण १२ ते १५ टक्के. ओहळात उतरायचं, वळण घ्यायचं आणि लगेच समोरची टेकडी. तळाशी वेग ३५, दहा सेकंदांनी ८. तेवढ्यात ४८ वरून ३१ वर जायचं म्हणजे गिअर एकदम ३५ टक्क्यांनी हलका होतो, पाय हवेत फिरतात, मग मागे दोन-तीन गिअर उलट जड करायचे. त्यात पॅडलवर जोर असताना बदल केला की चेन चेनरिंग आणि फ्रेमच्या मधे. वन-बायला (पुढे एकच चेनरिंग) एकच बटण, एकाच दिशेने.

पुढच्या डिरेलरच्या (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) पिंजऱ्यात साचणाऱ्या चिकणमातीबद्दल वेगळं लिहायला नकोच.

मधला_दाता

असहमत. हलका गिअर सारखा आहे हे मान्य, पण सायकल काही सतत पहिल्या गिअरवर चालत नाही. प्रश्न मधल्या अंतरांचा आहे. १०-४४ कॅसेटचे दाते असे: १०-११-१३-१५-१७-१९-२१-२४-२८-३२-३८-४४. यात ३२ वरून ३८ म्हणजे जवळपास १९ टक्क्यांची उडी, आणि ती नेमकी ६-७ टक्क्यांच्या चढावर येते. ३२ जड जातो, ३८ ला पाय भुरभुर फिरतात. बारा-स्पीड ११-३४ मध्ये त्या टप्प्यात २१-२४-२७-३०-३४ आहे, कुठेही १५ टक्क्यांच्या वर उडी नाही.

किनाऱ्यावर तर फरक आणखी वाढतो. वारा तोंडावर असला की तासभर एकाच लयीत चालवायचं असतं. तिथे ११-३४ चे ११-१२-१३-१४-१५ असे एकेका दात्याचे टप्पे हवेत. वन-बायवर १३ नंतर थेट १५.

आणि चेन पडते म्हणता, ती उशिरा बदलल्यामुळे. उतार संपायच्या आधी, पाय हलका असताना लहान चेनरिंगवर या, काही होत नाही. डीआय२ (शिमानोचे इलेक्ट्रॉनिक गिअर) मध्ये सेमी-सिंक्रो मोड लावला तर पुढे बदलताना मागचं समायोजन आपोआप होतं.

टॉर्करेंच

मधला_दाता, चढाचा मुद्दा बरोबर. किनाऱ्याचा मात्र गणिताला टिकत नाही. ४५ मिमी टायरचा वजनाखालचा घेर साधारण २.२ मीटर धरा आणि केडन्स (मिनिटाला पॅडलच्या फेऱ्या) ९०. मग मागच्या वेगवेगळ्या दात्यांवर येणारे ताशी वेग असे:

४० चेनरिंगवर: २१ ला २२.६, १९ ला २५, १७ ला २८, १५ ला ३१.७, १३ ला ३६.६ किमी.

४८ चेनरिंगवर: २४ ला २३.८, २१ ला २७.२, १९ ला ३०, १७ ला ३३.५, १५ ला ३८ किमी.

वाऱ्याच्या तोंडावर ग्रॅव्हल सायकल २३ ते ३२ च्या पट्ट्यात चालते. त्या पट्ट्यात दोन्हीकडे टप्पे तेवढेच मोठे आहेत, उलट ४८ वरचा २१ ते २४ हा जास्त रुंद. एकेका दात्याची चैन सुरू होते ३८ किमीच्या पुढे, आणि तिथे पाठीवर वारा असल्याशिवाय फारसं कुणी जात नाही.

ते टप्पे खरोखर हवे असतील तर ते लहान चेनरिंगवर आहेत. ३१ ला १५ लावा, २४.६. १४ ला २६.३, १३ ला २८.३, १२ ला ३०.७. हे कागदावर सुंदर दिसतं.

मधला_दाता

कागदावरच का? वाऱ्यात लहान चेनरिंगवर राहायचं आणि मागे १५-१४-१३ वापरायचे, हे मी आधीच लिहायला हवं होतं असं समजा. ४८ ठेवायचं पाठीवरच्या वाऱ्याला आणि डांबरी उताराला. टू-बायचा फायदा त्यातच आहे: एक चेनरिंग मळ्यांसाठी व उलट्या वाऱ्यासाठी, दुसरं परतीसाठी.

टॉर्करेंच

१५ आणि १४ ला हरकत नाही. १३ पासून चेन तिरकी होते, आवाज वाढतो, आणि लहान-लहान जोडीत मागच्या डिरेलरचा ताण सर्वांत कमी असल्याने खडबडीत वाटेवर चेन फ्रेमच्या नळीवर आपटते. ११ ला ती मोठ्या चेनरिंगच्या आतल्या बाजूला घासूही शकते. डीआय२ तर शेवटची एक-दोन जोडणी लागूच देत नाही. म्हणजे तुमच्या सुंदर पट्ट्यातला वापरण्याजोगा भाग २४ ते २८. तेवढ्यासाठी पुढचा डिरेलर बाळगायचा की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. क्लच (मागच्या डिरेलरमधला, चेन ताणून धरणारा) मात्र दोन्ही प्रकारांत चालू ठेवा, चाक काढताना बंद करतात आणि तसाच विसरतात.

वेलीखालून

इथे दोन्ही पक्ष ०.९१ पुरेसा धरून चाललेत. तो पुरेसा नाही. स्वार, सायकल, पाणी मिळून ८५ किलो, चढ १५ टक्के, सुटी खडी, वेग ताशी ६ किमी. नुसतं वजन वर उचलायला २०५ वॅट, खडीचा घर्षणरोध आणि चेनमधली गळती धरून २२५ ते २३० वॅट लागतात. ०.९१ ला एका फेरीत दोन मीटर, म्हणजे ताशी ६ किमीला केडन्स ५०. सुट्या खडीवर ५० च्या केडन्सला प्रत्येक फेरीत जोराचा झटका मागच्या चाकाला बसतो आणि ते घसरतं. उभं राहिलात तर आणखीच, कारण मागचा भार निघून जातो. मग लोक टायरला दोष देतात.

वन-बायवाल्यांनी ३६ चं चेनरिंग लावावं. ३६/४४ म्हणजे ०.८२, त्याच वेगाला केडन्स ५५-५६. वरच्या टोकाला ३६/१० ला ९० केडन्सने जवळपास ४३ किमी मिळतात, पुरेत. बदलताना चेनचे दोन दुवे, एक आतला आणि एक बाहेरचा, कमी करा. चार दाते कमी झाले की साधारण एक इंच चेन जास्त होते. नाहीतर १० ला चेन लोंबते. टू-बायवाल्यांना ११-३६ कॅसेट घेऊन ०.८६ मिळतो, वरचा वेग न गमावता. हे त्यांच्या बाजूने, मी कुणाचाच वकील नाही.

आता मळ्यांबद्दल, कारण गिअरच्या नादात वाट राहून जाते. टोकाच्या मोकळ्या पट्ट्या, जिथे ट्रॅक्टर वळतो, त्या वाळल्यावर खाचांनी दगडासारख्या होतात आणि पाऊस पडला की गोंद. छाटणीनंतर काड्या ओळींत पडलेल्या असतात. तिरपी कापलेली टोकं टायरच्या कडेत घुसतात, मधल्या रबरात नाही. त्यामुळे टायर निवडताना मधल्या नक्षीपेक्षा कडेच्या कापडाचं संरक्षण बघा. सीलंट (छिद्र आतून बुजवणारा द्रव) ४५ मिमीला ६० ते ९० मिली, उन्हाळ्यात दर दोन महिन्यांनी तपासायचा. कडेच्या चिरेत सीलंट टिकत नाही, तिथे प्लगही (छिद्रात खुपसायची रबरी पट्टी) सुटतो. आतून ठिगळाचा तुकडा आणि सुटी ट्यूब सोबत हवी.

वेलींवर निळसर थर दिसला तर ते बहुधा बोर्डो मिश्रण, मोरचूद आणि चुना. फवारणी चालू असेल किंवा फलक लावला असेल तर त्या ओळींत शिरू नका. औषधानुसार काही तासांपासून दोन-दोन दिवसांपर्यंत आत जायला बंदी असते. तोडणीच्या दिवसांत अरुंद वाटेवर ट्रेलर समोरून येतो, थांबायचं आपण. आणि वाट खाजगी असेल तर परवानगी.

पाटी_कोरी

३६ ला +१. ४० हे जाहिरातीतल्या पायांसाठी आहे.

ओली_वाळू

गिअरवर एवढा काथ्याकूट, पण किनाऱ्यावर आधी टायर हरतो. ४५ मिमी, ७५ किलोचा स्वार: मळ्यांतल्या खडीसाठी पुढे २६ आणि मागे २९ पीएसआय ठीक. त्याच दाबाने कोरड्या वाळूत गेलात की पुढचं चाक खणतं आणि हँडल स्वतःहून वळतं. दाब १८-२० वर आणा, वजन मागे, हँडल सैल, केडन्स वाढवलेला आणि ब्रेक बिलकुल नाही. वाळू संपली की पंप काढा, कारण १८ वर दगड लागला तर रिम थेट आपटते.

म्हणून मी ५० मिमी म्हणेन, निदान पुढे तरी. २-३ पीएसआय कमी दाबावर तोच आधार मिळतो आणि प्रत्येक पट्ट्याला उतरून ढकलावं लागत नाही. मागे ४५ चालेल.

चालवण्याजोगी वाळू ओलीच, भरतीच्या आणि ओहोटीच्या रेषांमधली. ओहोटीच्या आधीचे दोन आणि नंतरचे दोन तास एवढीच खिडकी. ती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणजे गेल्या आठवड्याची वेळ या आठवड्यात कामाची नाही. चकाकणाऱ्या, पाणी धरलेल्या वाळूवरून जाऊ नका, टायर रुततो. वाळूच्या टेकड्यांवरून तर अजिबात नाही. तिथलं गवत वाळू धरून ठेवतं, एक चाकोरी पडली की वारा ती उकरत जातो.

खडीफोड यांनी मार्गाचा क्रमही उलटा लावलाय असं वाटतं. खारे वारे दुपारी जोर धरतात, जमीन तापल्यावर. किनारा सकाळी उरकावा आणि मळे नंतर, टेकड्यांच्या आडोशाला. तसं केलं तर उलट्या वाऱ्यातल्या एकेका दात्याचा वादच अर्धा मिटतो.

खडीफोड

क्रम ओहोटीवर ठरतो, वाऱ्यावर नाही, हे तुम्हीच वर लिहिलंत. ओहोटी दुपारी असेल तर? मग वारा सोसायचा.

५० मिमीला माझा विरोध आहे, कारण मळ्यांतली ओली चिकणमाती. फ्रेम "५० पर्यंत" म्हणते ती स्वच्छ टायरसाठी. टायरच्या दोन्ही बाजूंना ५-६ मिमी मोकळी जागा उरली नाही तर मातीत मिसळलेले खडे फ्रेमच्या मागच्या नळ्या आतून घासतात. कार्बनवर ते फार लवकर दिसतं. शिवाय २५ मिमी आतल्या रुंदीच्या रिमवर ४५ चा टायर बरेचदा ४६-४७ भरतो, कॅलिपरने मोजून मगच बोला. पुढच्या फोर्कमध्ये जागा जास्त असते, तिथे ५० मान्य. मागे नाही.

३६ च्या चेनरिंगचं गणित मान्य. पण पाठीवर वारा असलेल्या डांबरी पट्ट्यावर १० आणि ११ वरच राहावं लागेल, आणि लहान दात्यांवर चेन जास्त वाकते, घर्षण आणि झीज दोन्ही वाढतात. त्यापेक्षा ३८, म्हणजे ०.८६. टू-बायच्या ११-३६ इतकाच.

मधला_दाता

म्हणजे वन-बायला बरोबरीत यायला चेनरिंग लहान करावं लागलं आणि वरचा वेग ४५ वर आला, आमचा ५१ च्या पुढेच आहे. ३२ ते ३८ ची उडीही जागच्या जागी. मी टू-बायवरच.

टॉर्करेंच

दोन्ही पक्षांना लागू पडणारं: मीठ. क्रम असा ठेवा. त्याच दिवशी, माती वाळायच्या आत, गोड्या पाण्याने धुवा, पण जोराचा फवारा नको; तो हब, बीबी (पॅडलच्या आसाचं बेअरिंग) आणि हेडसेटच्या (हँडलचं बेअरिंग) सीलमधून खारं पाणी आत ढकलतो. चेन पुसून कोरडी करून तेल. मेण लावलेली चेन असेल तर जास्त घाई करा, मेण गंजाला तेलाइतकं अडवत नाही, रात्रीत लालसर ठिपके येतात. डिस्कवर तेलाचा थेंब उडू देऊ नका. चाक फिरवत प्रत्येक स्पोकच्या निपलवर (रिमजवळची, स्पोक ताणायची नट) पाणी सोडा आणि कापडाने टिपा. कार्बन रिमवरची ॲल्युमिनियमची निपल खाऱ्या ओलाव्यात पांढरी पडते आणि एका दिवशी स्पोक ताणताना तुटते. कार्बन फ्रेममध्ये ॲल्युमिनियमचा सीटपोस्ट असेल तर किनाऱ्याच्या मोसमात महिन्यातून एकदा काढून, पुसून, कार्बन पेस्ट लावून परत बसवा, उंचीची खूण आधी चिकटपट्टीने करून.

टू-बायवाल्यांनी यात पुढच्या डिरेलरच्या सांध्यांना दोन थेंब तेल धरावं. तिथे गंज चढला की ४८ वर चेन चढायला कुरकुर करते आणि लोक केबल ताणत बसतात.