बेडरूममधले पाच फूट कपड्यांना द्यायचे का? (सातारा, नवीन बांधकाम)

शेंद्रेकरीण:
गोडोलीच्या पुढं आमचं घर चाललंय. वरच्या मजल्याचं विटकाम सुरू व्हायचंय, म्हणजे भिंती कुठं घालायच्या ते याच आठवड्यात ठरवायला हवं. बेडरूम आतून १६ बाय १३. पश्चिमेकडची ५ फुटांची पट्टी काढून मला वॉक-इन क्लोजेट, म्हणजे आत शिरून कपडे घेता येतील अशी कपड्यांची छोटी खोली, करायचंय. ह्यांचं म्हणणं, "पाच फूट जागा कपड्यांना? भिंतभर वॉर्डरोब कर आणि मोकळी हो." सासूबाई तटस्थ, त्यांचा जीव अजून माहेरच्या ट्रंकेत. सध्याच्या भाड्याच्या घरात कपाटाचं दार उघडलं की पलंगावर चढून पलीकडं जावं लागतं. धुतलेल्या कपड्यांचा ढीग कायम खुर्चीवर, आणि पाहुणे आले की आधी ती खुर्ची आत ढकलायची. करू की नको, कारणासहित सांगा. "हौसेला मोल नाही" एवढंच सांगू नका, ते घरी ऐकून झालंय.

निवृत्त_ओव्हरसियर:
ताई, नका करू. हँगरला लटकवलेल्या शर्टाला २२ इंच खोली लागते, म्हणजे कपाट २ फुटांचं. तुमच्या ५ फुटांतले २ कपाटाला गेले, ३ चालायला. कपाट मिळालं १३ फूट लांब. भिंतभर वॉर्डरोब केला तरी तेच १३ फूट मिळतात. मग जास्तीचं काय आलं? ३ गुणिले १३, म्हणजे ३९ चौरस फूट नुसती उभं राहायची जागा. २००० रुपये दर धरला तर ७८ हजार, वर दार, लाइट, फरशी आहेच. वॉर्डरोबसमोरची मोकळी जागा पलंगाशेजारून ये-जा करायलाही उपयोगी पडते, तुमच्या क्लोजेटमधली दिवसातून दहा मिनिटं.

पहिली_पाळी:
काका, हिशेब चोख आहे, पण त्या खोलीत कुणी झोपतं हे धरलंच नाही तुम्ही. मी एमआयडीसीत पहिल्या पाळीला, पावणेपाचला उठते. आमचे हे दुसऱ्या पाळीचे, रात्री बाराला घरी. मी सकाळी लाइट लावायचा नाही, त्यांनी रात्री लावायचा नाही. मोबाइलच्या उजेडात कपडे काढते. एकदा कंपनीत पोचल्यावर कळलं, ओढणी दुसऱ्याच ड्रेसची. दार लावून लाइट लावता येईल अशी जागा कपड्यांना हवीच. शेंद्रेकरीण, बिनधास्त करा.

निवृत्त_ओव्हरसियर:
आदल्या रात्री कपडे बाहेर काढून ठेवावेत. फुकटात होतं.

पहिली_पाळी:
ठेवते ना. त्यालाच वर ताई खुर्ची म्हणतायत.

वाड्यातला:
आमच्याकडं अख्ख्या खटल्याचे कपडे एका वळणीवर असायचे, वर दोन फडताळं. कुणाचं काही अडलं नाही.

पहिली_पाळी:
ज्यांना त्या वळणीवरचे कपडे काढायला-घालायला लागायचे, त्या बायकांना विचारलंत का?

कृष्णाकाठ_सांगली:
खालच्या मजल्यावर असतं तर मी हात जोडून नको म्हटलं असतं. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, आमच्या घरात ते पाच दिवस होतं. हौसेनं केलेला वॉर्डरोब पाणी ओसरल्यावर पापडासारखा फुगलेला, दारं बिजागऱ्यांसकट हातात आली. आजीचं लोखंडी कपाट धुतलं, रंगवलं, आजही वापरात आहे. तुमचं वरच्या मजल्यावर आहे आणि गोडोलीत नदी येत नाही, तरी बाथरूमला लागून असलेल्या भागात आयएस ७१० चाच, म्हणजे पाण्याला टिकणारा मरीन प्लाय घ्या. सुतार आयएस ३०३ च्या साध्या प्लायवर भागवतो म्हणेल, ऐकू नका.

शेंद्रेकरीण:
पश्चिम मुद्दाम निवडलीय. एप्रिल-मेमध्ये पश्चिमेची भिंत रात्री दहापर्यंत हाताला गरम लागते. मध्ये क्लोजेट आलं तर झोपायची खोली थंड राहील.

निवृत्त_ओव्हरसियर:
उन्हाचं बरोबर. आणि जूनपासून पाऊस कुठून झोडपतो? त्याच अंगानं. तिथं बिनखिडकीची बंद खोली करून कपाट भिंतीला चिकटवाल, तर गौरीला नेसायची पैठणी काढाल तेव्हा पाठीमागच्या घड्यांना बुरशीचे ठिपके असतील. मग वासासाठी डांबर गोळ्या ठेवाल, त्या जरीला लागल्या की जर काळी पडते. चाळीस वर्षं ओल आलेल्या भिंती बघितल्यात, सांगतो ते खोटं नाही.

माझं मत बदललेलं नाही, पण ऐकणारच नसाल तर निदान उलटं करा. कपाट बाहेरच्या भिंतीला लावू नका. चालायचे ३ फूट पश्चिमेच्या भिंतीकडं ठेवा आणि कपाट आतल्या बाजूला. मग मधली विटांची भिंतही नको, कपाटाची पाठ हीच पार्टिशन. तेवढेच पाच इंच वाचतात. पलंगाचं डोकं दक्षिणेला ठेवा. उरलेल्या ११ फुटांत ६ फुटी पलंगाला दोन्ही बाजूंनी अडीच-अडीच फूट मिळतात. पश्चिमेला वर छोटी खिडकी, तिला जाळी आणि वर बाहेर आलेला छज्जा. आणि बाथरूमचं दार क्लोजेटमध्ये काढायचं मनात असेल तर ते आजच काढून टाका, गरम पाण्याची वाफ रोज कपड्यांवर जाईल.

वास्तू_जाणकार:
नैऋत्येला जड सामान शुभच. कपाट तिथंच येतंय.

वाड्यातला:
आणि काकांच्या मते तिथूनच पाऊस. भांडू द्या दोघांना.

शेंद्रेकरीण:
आज संध्याकाळी गवंड्याकडून फक्की घेतली आणि स्लॅबवर काकांनी सांगितली तशी आखणी केली. आधी मी आत चालून बघितलं, झकास. मग ह्यांनी खालचा ड्रॉवर ओढल्यासारखं केलं. ड्रॉवर दीड फूट बाहेर आला, राहिलेल्या दीड फुटात वाकायला गेले आणि फक्कीच्या रेषेवर, म्हणजे भिंतीवरच बसले. तिथं मी हरले. पट्टी आता साडेपाच फुटांची, ड्रॉवर सगळे कमरेच्या वर, खाली फक्त चपला आणि बॅगा. पलंगाची एक बाजू दोन फुटांवर आली.

हे अजूनही "नको"च म्हणतायत. पण मघाशी फक्कीत उभं राहून विचारत होते, खिडकीजवळचे चार फूट कुणाचे.