सगळं सोडायचं, पण कोणाच्या जिवावर?

पानवेल
'आधी देवाचं राज्य' हे आपण ख्रिस्ती लोक तोंडानं म्हणतो आणि जगतो मात्र फ्लॅट, मुलाची परदेशातली नोकरी आणि हजार माणसांचं लग्न यांसाठी. वसईत संत गोन्सालो गार्सियाचा सण करतो ना आपण? त्या माणसानं नेमकं काय केलं ते किती जणांना ठाऊक आहे? आपल्या वसईत जन्मला, येशूसंघाच्या फादरांबरोबर जपानला गेला, भाषा शिकला, पुढे व्यापारात चांगला जम बसवला. आणि तो जमलेला धंदा सोडून मनिलाला फ्रान्सिस्कन संघात ब्रदर झाला. फादरसुद्धा नाही, साधा ब्रदर. मग दुभाषा म्हणून परत जपान, आणि ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत क्रुसावर मरण. १८६२ साली त्याला संतपद मिळालं. आपण त्याच्या पुतळ्याला हार घालतो आणि देवळाच्या पायऱ्या उतरता उतरता गुंठ्याचा भाव विचारतो.

मार्कच्या शुभवर्तमानातल्या १० व्या अध्यायातला श्रीमंत माणूस काही लुच्चा नव्हता. लहानपणापासून आज्ञा पाळत आलेला होता. त्यालाच येशूनं 'विकून गोरगरिबांना दे' असं सांगितलं, आणि तो तोंड पाडून निघून गेला. त्याची जागा आज आपण घेतली आहे, एवढंच माझं म्हणणं.

नगरकर
जय ख्रिस्त. गोन्सालोबद्दल आदर आहेच, पण बायकोपोरं नसलेल्या माणसाचं उदाहरण संसारी माणसाच्या डोक्यावर का आपटता? प्रेषित पौलानं आपल्या शिष्याला, तीमथ्याला, पत्रात स्वच्छ लिहिलंय की जो घरच्यांची तरतूद करत नाही तो विश्वास न ठेवणाऱ्याहून वाईट (१ तीमथ्य ५:८). आणि मार्कच्याच ७ व्या अध्यायात येशू परूश्यांवर, म्हणजे कर्मठ यहुदी धर्मपंडितांवर, का चिडला? 'हे देवाला अर्पण केलंय' म्हणून आईबापांना द्यायचं ते टाळत होते म्हणून! म्हणजे देवाच्या नावावर घर वाऱ्यावर सोडण्याची पळवाट तेव्हाही होती.

आम्ही प्रॉटेस्टंट मंडळी आमच्या पंथाचा पाया घालणाऱ्या मार्टिन ल्यूथरकडून हेच शिकलो. स्वतः मठातला संन्यासी. त्यानं १५२५ साली काटरीना या मठ सोडून आलेल्या जोगिणीशी लग्न केलं आणि त्याच जुन्या मठात प्रपंच थाटला. चांभारानं देवाचं नाव घेऊन चांगला जोडा शिवला तर ती भक्तीच आहे. त्याला जंगलात कशाला पाठवता?

पानवेल
जंगलात कोण पाठवतंय? पण 'घरच्यांची तरतूद' या शब्दात आपण काय काय कोंबतो ते बघा. पोराचं शिक्षण ही तरतूद. दुसरा फ्लॅट, तिसरा फ्लॅट हीसुद्धा तरतूदच का? लूकच्या १२ व्या अध्यायातला शेतकरीही तरतूदच करत होता. मोठी कोठारं बांधू म्हणाला आणि त्याच रात्री गेला.

होडी
मध्येच घुसतो. येशूचा शिष्य पेत्र त्याला म्हणाला, 'आम्ही सगळं सोडून तुझ्यामागे आलो.' पण पेत्राची सासू त्याच्याच घरात आजारी पडली होती, येशूनं तिला बरं केलं, तिनं उठून सगळ्यांना वाढलं. पुढे पौल सांगतो की पेत्र बायकोला सोबत घेऊन फिरतो (१ करिंथ ९:५). आणि योहानाच्या शेवटच्या अध्यायात होडी, जाळं सगळं पुन्हा हजर! म्हणजे सोडलं म्हणजे नेमकं काय केलं?

नगरकर
हेच म्हणतोय मी.

पानवेल
होडी होती, पण येशूनं किनाऱ्यावरून हाक मारल्यावर पेत्रानं होडी आणि भरलेलं जाळं मागं टाकून पाण्यात उडी घेतली. तेही वाचा की त्याच अध्यायात.

मुक्ता
सगळे पुरुषच बोलताय म्हणून विचारते. कवी रेव्हरंड टिळकांचं काय करायचं? नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना काय सोसावं लागलं ते त्यांनीच लिहून ठेवलंय. नवरा जिवंत असून लेकराला घेऊन वर्षानुवर्षं नातेवाइकांच्या आधारानं राहिल्या. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला, घडी बसली. आणि १९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली, साताऱ्यात 'देवाचा दरबार' काढला, ख्रिस्ती संन्यासी झाले. दोन वर्षांत, १९१९ ला, गेले. बाई १९३६ पर्यंत होत्या. टिळकांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्तचरित्राचं काव्यसुद्धा त्यांनीच पुढे नेलं.

आणि नगरकर, तुमचा ल्यूथर लिहीत बसायचा तेव्हा काटरीना बिअर गाळत होती, शेती बघत होती, विद्यार्थ्यांना राहायला ठेवून घरखर्च भागवत होती. मठ असो की संसार, हिशेब बाईच्या पदरात.

पानवेल
टिळकांबद्दल थोडा अन्याय होतोय. त्यांनी मिशनचा पगार सोडला तो मजेखातर नाही. परदेशी पैशावर चालणारा ख्रिस्ती धर्म या मातीत परका राहील, हे त्यांना खुपत होतं. तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो म्हणणारा माणूस तो. पगारी धर्मोपदेशकाचं इथल्या माणसानं का ऐकावं?

मुक्ता
कारण पटलं. माझा प्रश्न कारणाचा नव्हता. त्यागाचं श्रेय एकाला आणि त्याची झळ दुसऱ्याला, हे शुभवर्तमानात बसतं का ते सांगा.

इंद्रायणीकाठ
मी ख्रिस्ती नाही, वारकऱ्यांच्या घरातला आहे. तुकोबांचं नाव आलं म्हणून राहवलं नाही. आमच्याकडे सांगतात की महाराजांनी सावकारीची खतं इंद्रायणीत बुडवली, पण आधी धाकट्या भावाचा, कान्होबाचा, अर्धा वाटा त्याला देऊन टाकला. बुडवला तो फक्त स्वतःचा वाटा. त्यांच्या बायकोला, आवलीला, मात्र तिथंही कोणी विचारलं नाही, हे कबूल करतो. 🙂

नगरकर
वा! हे आमच्या पाळकसाहेबांना पाठवतो. पुढच्या रविवारी तरी उपदेश वीस मिनिटांत आटपेल.

होडी
बायबलमधल्या हनन्या आणि सप्पीरा या नवराबायकोची गोष्टही तशीच आहे की. जमीन विकून थोडे पैसे मागं ठेवले आणि सगळे दिले म्हणून सांगितलं. पेत्र म्हणतो, जमीन तुझीच होती, विकल्यावर पैसाही तुझ्याच हातात होता, मग खोटं का? म्हणजे विकायची सक्ती नव्हती. जकातदार जक्कयानंही अर्धंच दिलं, आणि येशूनं 'उरलेलं अर्धं कुठंय' असं विचारलं नाही.

पानवेल
मान्य. पण जक्कयानं अर्धं दिलं आणि ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत केलं. एवढं करायला आपल्यातला कोण तयार आहे? आपण दानपेटीत शंभराची नोट टाकतो आणि 'मनानं विरक्त आहे' म्हणतो. मनानं विरक्त असणं फार स्वस्त पडतं हो. त्याची पावती कोणी मागत नाही. म्हणून मला ते पटत नाही. गोन्सालोला मनिलाला जाऊन धंदा खरोखर सोडावा लागला.

मुक्ता
मग लूक ८ वाचा. मग्दालिया मरीया, हेरोदाच्या कारभाऱ्याची बायको योहान्ना, सुसान्ना आणि इतर पुष्कळ बाया आपल्या पैशांतून येशूची आणि त्याच्या बारा शिष्यांची सेवा करत होत्या. सगळं सोडून निघालेले बारा पुरुष जेवत होते ते पैसा न सोडलेल्या बायांच्या जिवावर. येशूनं त्यांना 'विकून टाका' म्हटल्याचं कुठं आलेलं नाही.

पानवेल
त्याच ओळींत आणखीही आहे, मुक्ताताई. त्या बाया येशू आणि बाराजणांबरोबर गावोगाव फिरत होत्या. योहान्नाचा नवरा खुजा दरबारात, आणि ही धुळीच्या रस्त्यानं एका सुताराच्या मागे. म्हणजे पैसा हाताशी ठेवला आणि वाडा सोडला. मग तुमच्याच हिशेबानं सांगा, मागं खुजाच्या घरी चूल कोणी पेटवली असेल?