स्टिकर गोव्याचं, बी आफ्रिकेची: ख्रिस्ती दुकानदारानं काय करावं?

म्हापशाचा_दुकानदार

सगळ्यांना जय ख्रिस्त. मी मूळचा कोल्हापूरकडचा, चौदा वर्षं झाली म्हापशात आहे, मार्केटजवळ काजू आणि सुक्या मेव्याचं छोटं दुकान आहे. जरा लांब लिहितोय, पण बरेच दिवस हे मनात अडकलंय.

माझ्या पाकिटांवर "अस्सल गोव्याचे काजू" असं स्टिकर असतं, दुकान सुरू केलं तेव्हापासून. माल एका फॅक्टरीतून उचलतो, भाजणं, सोलणं, ग्रेडिंग सगळं इथेच होतं. पण बी बरीचशी आफ्रिकेतून येते, बेनिन, घाना, टांझानिया अशा ठिकाणांहून, कारण इथलं पीक फॅक्टऱ्यांना पुरत नाही. धंद्यातल्या सगळ्यांना हे माहीत आहे, गिऱ्हाइकाला कोणी सांगत नाही, मीपण नाही.

मागच्या महिन्यात पुण्याच्या एक बाई आल्या, पाकीट उलटंपालटं करून म्हणाल्या, "भाऊ, हे इथल्याच झाडाचे ना?" मी पटकन म्हणालो, "हो हो ताई, इथलेच." माझी मुलगी काउंटरच्या आत होमवर्क करत बसली होती. तिनं पेन्सिल थांबवली आणि नुसतं माझ्याकडे बघितलं, बोलली काही नाही. आदल्याच रविवारी तिला संडे स्कूलमध्ये जक्कयची, म्हणजे बायबलमधल्या त्या लबाड जकातदाराची गोष्ट होती आणि ती घरी मीच पाठ करून घेतली होती.

माझा काटा मी दरवर्षी वजनमाप खात्याकडून तपासून शिक्का मारून घेतो. कोणाला एक ग्रॅम कमी देत नाही, उलट वर दोन दाणे टाकतो. बायबलातल्या लेवीय १९ मधली खरी तागडी, खरी वजनं, ते वचन वाचताना मला वाटायचं की आपण यात पास आहोत. आता वाटतं की काटा खरा ठेवला आणि खोटं सगळं स्टिकरवर नेऊन ठेवलं.

तर इथे प्रोसेस झालं म्हणून "गोव्याचे" म्हणणं चालतं का? शेजारची दुकानं तेच लिहून बसलीत, टूरिस्ट गाड्यांचे ड्रायव्हर कमिशन घेतात ते वेगळं, खरं सांगितलं तर सीझन हातचा जाईल ही भीती आहेच. आणि झालं त्याचं काय? जक्कयनं चौपट परत दिलं, मी कोणाकोणाला शोधू? त्या बाईंनी नंतर कुरिअरनं दोन किलो मागवले, तेही तसेच पाठवले.

डिचोलीकर

दादा, मन साफ आहे तुमचं हे दिसतंय, पण मला वाटतं तुम्ही स्वतःला जास्तच छळताय. कामगार इथले, भट्टी इथली, भाजणी इथली. कोल्हापुरी चप्पल घेताना चामडं कुठल्या गावचं असं कोण विचारतं? कायद्यात बसतंय का ते एकदा तुमच्या सीएला विचारा आणि बसत असेल तर शांत झोपा.

सत्तरीचा_बागायतदार

मी ख्रिस्ती नाही, पण वाळपईकडे काजूची बाग आहे म्हणून लिहितो. मार्च ते मे आमचं घर सगळं डोंगरावर असतं, खाली पडलेली बोंडं गोळा करायची, एकेक बी पिळून वेगळी करायची, बोंडं फेणीच्या भट्टीवर न्यायची, संध्याकाळी बोटं काळी आणि चिकट, साबणानं जात नाहीत. गोव्याच्या फेणीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, २००९ मध्ये मिळालं आणि काजूला २०२३ मध्ये, तेव्हा आम्हाला वाटलं आता नावाला किंमत येईल. पण दुकानात सगळ्याच पाकिटांवर गोवा लिहिलेलं असेल तर गिऱ्हाइकानं आमच्या दाण्याला दोन पैसे जास्त का द्यावेत? दुकानदार भाऊ, तुम्ही फक्त त्या बाईंना फसवलं असं समजू नका, आमचं नाव पण तुम्ही विकलं. राग नाही, तुम्ही स्वतःहून विचारलंत म्हणून सांगतो. चांगली सुकवलेली बी पाहिजे असेल तर सीझनला या, बाग दाखवतो.

फोंड्याची_ताई

बागायतदार भाऊंनी बोलायचं ते बोलूनच टाकलं.

डिचोलीकर दादा, तुमचं चपलेचं उदाहरण इथे लागू पडत नाही हो. बाईंनी "इथल्याच झाडाचे ना" असं विचारलं होतं, मशीन कुठली ते नव्हतं विचारलं. मत्तय ५ मध्ये प्रभू म्हणतो की तुमचं होय ते होय आणि नाही ते नाही असू द्या, तिथे "होय, म्हणजे तसं बघितलं तर" याला जागाच नाही.

माझा मसाल्याचा आणि काजूचा घरगुती धंदा आहे, काय केलं ते सांगते. दोन बरण्या केल्या. एकीवर "गोव्याच्या बागेतले", दुसरीवर "परदेशी बी, गोव्यात भाजलेले", दोन्हीचा भाव वेगळा. फॅक्टरीवाल्याकडून प्रत्येक लॉटला बी कुठली ते बिलावरच लिहून घेते, तोंडी नाही. पहिल्यांदा तो हसला, मग लिहायला लागला. आणि ग्रेडचंही बघा, डब्ल्यू ३२० म्हणजे एका पौंडात साधारण ३०० ते ३२० अख्खे दाणे, २४० चा दाणा मोठा आणि महाग. थोडे ३२० मिसळून २४० च्या भावात विकले तर गिऱ्हाईक काय मोजत बसणार नाही, पण आपल्याला माहीत असतं ना. पहिले दोन महिने विक्री पडली माझी, खोटं कशाला सांगू. मिस्टरांशी भांडणं झाली. अजूनही पूर्वीइतकी नाहीये.

त्या बाईंचा नंबर कुरिअरच्या पावतीवर असेल. बाकीचे सापडणार नाहीत, पण त्या सापडल्यात.

कांदोळीचा_सप्लायर

जय ख्रिस्त. मी हॉटेलांना माल देतो. एका ठिकाणी खरेदी बघणारा माणूस दर ऑर्डरला टक्का मागायचा आणि वर मांडवीतल्या कॅसिनोवर रात्र घालवायची, खर्च माझा. दोनदा गेलो. तिथे काय काय बघितलं आणि कशावर पैसे उडवले ते घरी बायकोला सांगता येईना, तेव्हा कळलं की पैशातली लबाडी आणि डोळ्यांची अशुद्धता वेगळ्या वाटांनी येत नाहीत, एकीला दार उघडलं की दुसरी आपोआप आत येते. तिसऱ्यांदा नाही म्हणालो, ऑर्डर गेली.

अजून एक मनापासून सांगतो. माझ्या टेम्पोवर तेव्हा ख्रिस्ती लोक लावतात ते माशाचं चिन्ह आणि वचन लावलेलं होतं, आणि लोडिंगच्या दोन पोरांचा पगार सव्वा महिना थकला होता. याकोब ५ मध्ये अडवून ठेवलेल्या मजुरीचा आक्रोश देवाच्या कानी गेला असं आहे. एक दिवस उपासनेत तेच वाचलं गेलं, मला मान वर करवेना. सोमवारी आधी पोरांचे पैसे दिले. तुमच्याकडे काउंटरला मुलगा असेल तर त्यालाही खोटं बोलायला लावू नका, आपल्या पापात नोकराला ओढणं मला सगळ्यात वाईट वाटतं.

म्हापशाचा_दुकानदार

सगळ्यांचे आभार. बागायतदार भाऊ, तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही. माफ करा. मार्चमध्ये नक्की येतो.

काल पुण्याला फोन केला. बाई आधी गप्प झाल्या, मग रागावल्या, म्हणाल्या की मी ते बहिणीला गोव्याचे म्हणून दिले. साहजिक आहे. दोन किलोचे पैसे परत पाठवले, चौपट द्यायची ऐपत नाही हेही सांगितलं. पुढची ऑर्डर काही दिली नाही त्यांनी. मुलीला पण सांगितलं की त्या दिवशी पप्पा खोटं बोलले. तिनं विचारलं, "मग आता पाटी कोण लिहिणार?" तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे, तिनेच लिहिली: परदेशी बी, गोव्यात भाजलेले.

एक राहिलं. स्टिकरचे अडीच रोल पडून आहेत आणि साठेक पाकिटं आधीच भरून लावलेली. त्यावर मार्करनं खोडलं तर चालेल का?

फोंड्याची_ताई

खोडू नका भाऊ, खाली वाचता येतं. पाकिटं फोडा आणि नवीन भरा, दोघं बसलात तर एका संध्याकाळचं काम आहे.