कळवलं म्हणजे छापायला दिलं, असं कुणी ठरवलं?

कृष्णाकाठ
परवा 'जुनाजाणता' यांनी इथे लिहिलेलं वाचून दोन दिवस गप्प बसलो. आता राहवत नाही. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: ज्ञातिमंडळाला घरातली बातमी स्वतःहून कळवायची आणि त्यांच्या मासिकात आली की खासगीपणाच्या नावाने ओरडायचं, हे नवं खूळ आहे, लपवायचंच असेल तर कळवू नका, आपल्याकडे सुखदुःख चारचौघांत वाटून घेतात.

आमच्या घरात काय झालं ते ऐका. थोरला भाऊ मार्चमध्ये गेला. आमच्या ज्ञातिमंडळाचा तो आजीव सभासद. चौथ्या दिवशी मी मंडळात फोन केला. कामं दोनच होती: मासिक वहिनीच्या नावाने यावं, आणि विद्यार्थी निधीत भावाने ठेवलेल्या ठेवीला वारस लागावा. फोनवरच्या बाईंनी पत्ता विचारला, वहिनीचा मोबाइल विचारला, मुलं कुठे असतात तेही विचारलं. नोंदीला लागत असेल म्हणून मी सगळं सांगितलं. पुढच्या अंकात चौकट! भावाचा फोटो, 'पश्चात पत्नी, एक मुलगा (कॅनडा), एक मुलगी (बंगळूर)', घराचा पूर्ण पत्ता आणि खाली 'सांत्वनासाठी' म्हणून वहिनीचा नंबर. तोच अंक पीडीएफ होऊन सगळ्या गटांवर फिरला.

म्हणजे वाचणाऱ्याला काय समजलं? साठीची बाई घरात एकटी आहे, मुलं लांब आहेत, नवरा नुकताच गेलाय, आणि हा तिचा नंबर.

आठवड्यात फोन आला. स्वच्छ मराठी, भावाचं पूर्ण नाव. "काकू, काकांच्या जुन्या पॉलिसीचा बोनस अडकलाय, वारस म्हणून तुमची पडताळणी करायचीय." वर "दादा कॅनडाहून येऊन गेले का?" अशी चौकशी. वहिनीला वाटलं, माहितीतलाच कुणी. ओटीपी आला होता, पण चष्मा देवघरात राहिला होता. "जरा थांबा हं, चष्मा आणते," असं त्या माणसाला सांगत ती उठली आणि मी दारात शिरलो. चष्मा टेबलावर असता तर भावाची सगळी पुंजी गेली असती.

मी नोंद बदलायला सांगितलं होतं. ज्या कामासाठी सांगितलं त्याच कामाला ते लागायला हवं होतं. "छापू का? नंबर देऊ का?" एवढं एक वाक्य विचारायला किती वेळ लागतो?

जुनाजाणता
वहिनींच्या बाबतीत झालं ते वाईटच. पण चोरी चोराने केली, मासिकाने नाही.

माझे वडील १९९४ साली गेले. आम्ही तेव्हा लातूरला, नातेवाईक सगळे पुण्या-नाशकात. घरी फोन नव्हता. मासिकात चार ओळी आल्या आणि महिनाभर माणसं येत राहिली. एक गृहस्थ सोलापूरहून एसटीने आले, वडिलांनी त्यांची फी भरली होती म्हणे. आम्हाला ते ठाऊकच नव्हतं. आई त्या माणसाकडे बघून पहिल्यांदा रडली. आज कुणाच्या घरी कोण गेलं हे शेजारच्या फ्लॅटला कळत नाही, आणि तुम्ही उरलेली चौकटही काढायला निघालात. अशाने मंडळं बंद पडतील. तुम्ही वार्षिक सभेला शेवटचे कधी आलात, तेही सांगा.

कृष्णाकाठ
सभेला न येणं आणि वहिनीचा नंबर छापणं यांचा संबंध काय? १९९४ साली तुम्ही पत्ता छापलात तो चारशे घरांत गेला. आज पीडीएफ कुठे जाते ते मंडळाला तरी ठाऊक आहे का?

ठाणेकरीण
मंडळाचं सोडा. ऑफिसबद्दल बोला.

चौथा महिना लागल्यावर मी एचआरला कळवलं, रजेचं नियोजन म्हणून. प्रसूती रजा २६ आठवड्यांची, त्यांनाही माणूस बघायचा असतो. पाचव्या महिन्यात बाळ गेलं. गर्भपातानंतर कायद्याने सहा आठवडे रजा मिळते, ती मागितली, दाखला जोडला. एचआरने टीमच्या चाळीस जणांना मेल टाकला, रजेच्या कारणासकट. 'तिला या काळात आधार द्या.' हेतू चांगलाच असणार. पण परत गेले तेव्हा लिफ्टमध्ये माझ्याशी कुणी बोलेना, आणि एकीने मला बघून आपल्या डोहाळजेवणाचा डबा पिशवीत सरकवला.

दुसरं म्हणजे, प्रसूतीची अपेक्षित तारीख मी एका हॉस्पिटलच्या फॉर्मवर आणि एका ॲपमध्ये भरली होती. कुठून फुटली माहीत नाही. नेमक्या त्या दिवशी सकाळी मेसेज आला: 'अभिनंदन! बाळाचं स्वागत करा, डायपरवर सूट.' मी किचनमध्ये होते, दूध उतू गेलं तरी गॅस बंद करायचं सुचलं नाही.

त्यामुळे 'लपवायचं तर कळवू नका' हे मला सांगू नका. न कळवून रजा मिळते का?

जुनाजाणता
ताई, तुमच्यासाठी नव्हतं ते.

कलम७
कायद्याचं बोलू. खासगीपणा हा मूलभूत हक्क, हे नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला सांगितलं. विदा (डेटा) संरक्षणाचा कायदा २०२३ चा. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण संस्थांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या मे २०२७ पासून.

या धाग्याचा प्रश्न त्या कायद्याच्या कलम ७ मध्येच आहे. माणसाने स्वतःहून माहिती दिली तर वेगळी संमती लागत नाही, पण ज्या कामासाठी दिली त्या कामापुरतीच. कायद्यातलंच उदाहरण औषधाच्या दुकानाचं आहे: पावती मोबाइलवर पाठवा म्हणून नंबर दिला, तर दुकानदाराने पावती पाठवावी. कृष्णाकाठ यांनी वारस लावायला माहिती दिली. मंडळाने वारस लावावा.

मात्र हा कायदा डिजिटल माहितीला लागू आहे. नुसत्या वहीतल्या नोंदीला नाही. पीडीएफ आणि एक्सेल यादीला आहे.

माहिती अधिकारवाला
याच कायद्याच्या कलम ४४(३) ने माहिती अधिकार कायद्यातल्या ८(१)(ञ) ची, म्हणजे खासगी माहिती नाकारण्याच्या कलमाची, वाट लावली, ते कोण बोलणार? पूर्वी जनहित दाखवलं की अधिकाऱ्याची माहिती मिळायची, तो अपवाद त्या कलमातून काढला. आणि हे कलम मे २०२७ पर्यंत थांबलं नाही, नोव्हेंबर २०२५ लाच लागू! अण्णा हजारेंच्या आंदोलनानंतर २००२ साली देशाच्या आधी आपण स्वतःचा माहिती अधिकार कायदा केला, त्या महाराष्ट्रात लोक मासिकाच्या चौकटीवर भांडतायत.

कलम७
माहिती अधिकारातल्या कलम ८(२) मधली जनहिताची तरतूद अजून आहे. पण मुद्दा खरा आहे. वेगळा धागा काढा, मी येतो.

रविवारची बैठक
मी २२ वर्षं वधू-वर सूचक केंद्र चालवतो. दर रविवारी १० ते १, एक पैसा न घेता. आमच्या सूचीत नाव, जन्मतारीख, जन्मवेळ, जन्मस्थळ, शिक्षण, पगार, फोन सगळं असतं. उद्या हेही छापायचं नाही म्हणाल. मग लग्नं जुळायची कशी?

मुलीचा बाप
बरं झालं विषय निघाला. माझ्या मुलीचं लग्न २०२१ ला झालं. २०२४ मध्ये एक गृहस्थ फोन करून विचारतात, "मुलीचं अजून पाहताय ना?" त्यांच्याकडे तिचा बायोडाटा, फोटोसकट. अमरावतीच्या कुठल्याशा गटावर मिळाला म्हणे, जिथे आम्ही कधी पाठवलाच नाही. जावयासमोर तो फोन स्पीकरवर होता. मी तीन केंद्रांना पत्रं लिहिली, नाव काढा. एकाने उत्तर दिलं: 'सूची छापून झाली आहे.'

बँकेत ३१ वर्षं
याहून गंभीर सांगतो. बँका ओळख पटवायला काय विचारतात? जन्मतारीख आणि आईचं माहेरचं आडनाव. आपल्या प्रत्येक बायोडाट्यात जन्मतारीख वरच असते, आणि खाली 'मामेकुळ'. म्हणजे गुप्त प्रश्नाचं उत्तर आपण फोटोसह वाटतो! काउंटरवर असताना हे माझ्या लक्षात आलं. स्वतःच्या मुलाच्या बायोडाट्यातून मामेकुळ काढायला लावलं, तर बायको आठ दिवस बोलली नाही.

रविवारची बैठक
मामेकुळ काढलं तर सोयरिक कशी बघायची? मावस-मामेभावंडांत लग्न लागेल. नाडी, गण, देवक तुम्ही मानत नसाल, लोक मानतात. आणि लपवाछपवीने संसार मोडतात, ते मी पाहिलेत. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयानेसुद्धा म्हटलं होतं की होणाऱ्या बायकोला नवऱ्याचा एचआयव्ही कळू दिला म्हणून हॉस्पिटल दोषी नाही.

कलम७
त्या निकालात धोका एका व्यक्तीला होता आणि प्रश्न तिला कळण्याचा होता. सूची छापून गावभर वाटण्याचा नव्हता. शिवाय २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने रुग्णाच्या संमतीवाचून सांगण्यावर कडक मर्यादा घातल्यात. मामेकुळ, जन्मवेळ, पगार हे सगळं स्थळ पुढे सरकल्यावर दोन घरांनी एकमेकांना द्यावं. पहिल्या पानावर वय, शिक्षण, गाव आणि केंद्राचा नंबर पुरतो.

रविवारची बैठक
म्हणजे प्रत्येक फोन मी घ्यायचा? सूचीत ६०० नावं आहेत. तुम्ही येऊन बसा एका रविवारी.

ठाणेकरीण
सूचीतल्या मुलींचे नंबर अनोळखी पुरुषांनी घ्यावेत, त्यापेक्षा फोन तुम्ही घ्या. माझ्या मावसबहिणीला अशाच एका सूचीतून रात्री अकराला फोन यायचे. तिने नंबर बदलला.

रविवारची बैठक
कुठल्या केंद्राच्या ते सांगा, आमच्याकडे असं होत नाही.

मुलीचा बाप
होत नाही, की तुमच्यापर्यंत येत नाही? मुली आईलासुद्धा सांगत नाहीत.

रविवारची बैठक
(तासाभराने) बायकोला विचारलं. तिच्याकडे दोन मुलींनी तक्रार केली होती, तिने मला सांगितलं नव्हतं. पुढच्या सूचीत मुलींचे नंबर काढतो, पालकांचा देतो. लग्न जमलं की नाव काढायचं पत्रही स्वीकारतो. मामेकुळ मात्र राहणार.

मुलीचा बाप
पत्र आलं तर किती दिवसांत काढणार, तेही लिहा.

कृष्णाकाठ
धागा माझा, पण मामेकुळावर गेला. जाऊ दे, तेही गरजेचं होतं. कलम७, एक विचारतो. वहिनीचे पैसे गेले असते तर मंडळाकडून भरपाई मिळाली असती?

कलम७
नव्या कायद्यात नाही. दंड २५० कोटींपर्यंत आहे, पण तो सरकारी तिजोरीत जातो, पीडिताला नाही. जुन्या आयटी कायद्याच्या ४३अ मध्ये कंपन्यांकडून भरपाईची वाट आहे. नवा कायदा पूर्ण लागू झाला की ते कलम जाणार. उलट खोटी तक्रार केली तर तक्रारदारालाच १० हजारांपर्यंत दंड.

बँकेत ३१ वर्षं
म्हणून फसवणूक झाल्या झाल्या १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. पैसे पुढे सरकायच्या आत. वहिनींच्या फोनला चिकटवून ठेवा हा नंबर.

जुनाजाणता
रात्री उशिरा लिहितो. मी मंडळाच्या कार्यकारिणीवर आहे, हे आधी सांगायला हवं होतं. नंबर छापायला नको होता. मुलगा परदेशी, हे तर नकोच होतं. ते आम्ही अभिमानाने लिहितो, कुणी असं वाचेल हे डोक्यात आलं नाही. पुढच्या बैठकीत फॉर्मवर दोन चौकोन घालायचा ठराव मांडतो: 'बातमी छापावी का' आणि 'संपर्क द्यावा का'. पण बातमी छापणं बंद करणार नाही. ते सोलापूरचे गृहस्थ मला विसरता येत नाहीत.

कृष्णाकाठ
ठरावाला मी येईन. सभेलाही.

मलाही एक सांगायला हवं, इतका वेळ सांगितलं नाही. त्याच चौकटीतला पत्ता वाचून वहिनीला एक पोस्टकार्ड आलं. भाऊ कॉलेजात असताना वसतिगृहात एकाच खोलीत राहणाऱ्या मित्राचं, जमखंडीहून. दोघांनी मिळून एकच इस्त्रीचा शर्ट मुलाखतींना वापरला होता, असं त्यात लिहिलंय. वहिनीने ते कार्ड गाथेत ठेवलंय. कोपऱ्यात त्यांनी स्वतःचा नंबर लिहिला होता आणि खाली 'वाटलं तर, सवडीने'.

अडीच महिने तिने कुणाचा अनोळखी फोन उचलला नाही. काल संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर तिनेच त्यांना लावला.