सलाईनमधून रक्तात जाणारे प्लास्टिकचे कण: कितपत काळजी करावी?

पंचवटीकर
आमच्या सासूबाई सिडकोत राहतात. थोडा अशक्तपणा वाटला की त्या दवाखान्यात जाऊन सलाईन लावून घेतात. प्लास्टिकच्या बाटलीतून सूक्ष्म कण थेट रक्तात जातात, असे वाचल्यापासून घरात यावर वाद चालू आहे. यात तथ्य आहे काय, आणि काचेच्या बाटलीचा आग्रह धरावा काय?

औषधविक्रेता, नाशिकरोड
तथ्य आहे. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चिनी अभ्यासात पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकच्या पिशव्यांतील सलाईनमध्ये प्रतिलिटर सुमारे ७,५०० कण आढळले. अन्नातून येणाऱ्या बऱ्याचशा कणांना आतड्याचे अस्तर अडवते. शिरेतून जाणाऱ्यांना अशी आडकाठी नसते. मात्र काचेच्या बाटलीने प्रश्न सुटत नाही, कारण तिच्या रबरी बुचात सुई टोचताना रबराचे बारीक तुकडे सुटू शकतात आणि नळी तर बहुधा पीव्हीसी या प्लास्टिकचीच असते. ऊन आणि उष्णता यांनी प्लास्टिक लवकर झिजते, म्हणून एप्रिल-मे महिन्यांत दुकानाच्या दारात उन्हात रचलेली खोकी पाहिली की मला चीड येते.

निवृत्त परिचारिका
पीव्हीसीची नळी लवचीक राहावी म्हणून तिच्यात अनेकदा डीईएचपी हे रसायन मिसळलेले असते व ते हळूहळू द्रवात उतरते. नवजात बाळांच्या बाबतीत ही चिंता अधिक असते, म्हणून त्यांच्यासाठी डीईएचपीविरहित संच वापरणे इष्ट.

एक फिजिशियन
इटलीत मानेतील रक्तवाहिनीची शस्त्रक्रिया झालेल्या २५७ रुग्णांच्या अभ्यासात, ज्यांच्या त्या रक्तवाहिनीत साचलेल्या चरबीच्या थरात प्लास्टिक सापडले त्यांना पुढील सुमारे तीन वर्षांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात वा मृत्यू यांचा धोका साडेचार पट दिसला. हा २०२४ चा अभ्यास संबंध दाखवतो, कारण सिद्ध करत नाही, आणि ते प्लास्टिक सलाईनमधून आले असेही त्यात म्हटलेले नाही.

सासूबाईंच्या बाबतीत मला कणांपेक्षा मिठाची काळजी वाटते. साध्या सलाईनच्या अर्ध्या लिटरमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असते, पोषण काहीच नसते. पाच टक्के ग्लुकोजच्या बाटलीतूनही जेमतेम एका पोळीइतकीच ऊर्जा मिळते. तोंडाने खाता-पिता येत असेल, तर हिमोग्लोबिन, साखर आणि थायरॉइड तपासून अशक्तपणाचे कारण शोधावे. जुलाब-उलट्यांनी शरीर सुकले असेल किंवा डेंग्यूत रक्तदाब घसरत असेल, तर मात्र कणांच्या भीतीने सलाईन नाकारू नये.

पंचवटीकर
आभार. त्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे, हे मी वर लिहिले नव्हते. तपासण्या आधी करून घेतो.